डीएनएस सर्व्हर सुरक्षित करताना काय आधी, काय नंतर

कॉलेज असो, नागरी सहकारी बँक असो की छोटा होस्टिंगवाला, स्वतःचा नेमसर्व्हर (डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर) चालवणारे बहुतेक जण सुरक्षेचे काम चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. डीएनएससेकबद्दल (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याची पद्धत) कुठेतरी वाचतात आणि पहिल्याच दिवशी झोन, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींचा संच, साइन करून टाकतात. तेव्हा रजिस्ट्रारचे (डोमेन जिथे नोंदवले त्या कंपनीचे) लॉगिन कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर असते, सर्व्हर जगातल्या कुणालाही रिकर्शन देत असतो, म्हणजे कोणत्याही नावाचे उत्तर शोधून देत असतो, आणि सेकंडरीवरून (मूळ सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) अख्खी झोन फाइल कुणीही उतरवून घेऊ शकतो. डीएनएसमध्ये क्रम उलटा झाला तर संरक्षण मिळत नाहीच, वर वेबसाइट आणि मेल दोन्ही बंद पडतात. म्हणून या लेखात भर क्रमावर आहे.

उदाहरणे लिनक्सवरच्या बाइंड ९ या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरची आहेत. विंडोज सर्व्हरवर जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. ऑप्शनची आणि कमांडची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्षात ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

## आधी तयारी

एक तक्ता करा. त्यात तुमची सगळी डोमेन, प्रत्येकाचा रजिस्ट्रार, नेमसर्व्हरची नावे आणि आयपी, कोणता सर्व्हर प्रायमरी (मूळ) आणि कोणता सेकंडरी, प्रत्येकावर कोणते सॉफ्टवेअर, आणि कार्यालयातली कोणती यंत्रे या सर्व्हरला रिझॉल्व्हर (नावांची उत्तरे शोधून आणणारा) म्हणून वापरतात हे लिहा. शेवटचा रकाना सगळेच विसरतात आणि तिसऱ्या टप्प्यावर त्याचीच किंमत मोजावी लागते. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, प्रिंटर यांचे आयपी हाताने दिलेले असतात आणि त्यात डीएनएसचा पत्ताही हातानेच भरलेला असतो.

कॉन्फिग आणि झोन फाइलींची प्रत सर्व्हरबाहेर ठेवा. बदलाच्या किमान दोन दिवस आधी महत्त्वाच्या रेकॉर्डचा टीटीएल (इतरांनी उत्तर किती वेळ साठवून ठेवायचे ती मुदत) पाच मिनिटांवर आणा. आधीचा टीटीएल २४ तासांचा असेल, तर हा बदलही सगळीकडे पोचायला २४ तास लागतात. ऐनवेळी टीटीएल कमी करून काही उपयोग नसतो.

तपासणीसाठी कार्यालयाबाहेरचे नेटवर्क लागेल. लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला तरी चालतो, फक्त डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) चालवताना आपल्या नेमसर्व्हरचा पत्ता थेट द्यायचा. आतून केलेली चाचणी इथे दिशाभूल करते, कारण आतल्या यंत्रांना रिकर्शन मिळणे बरोबरच असते.

## टप्पा १: रजिस्ट्रारचे खाते

ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सची वेबसाइट बंद पडली ती त्यांचे सर्व्हर फोडून नव्हे. हल्लेखोरांनी त्यांच्या रजिस्ट्रारच्या एका रीसेलरचे लॉगिन मिळवले आणि नेमसर्व्हरच बदलले. तुमचा सर्व्हर कितीही घट्ट असला, तरी वरच्या पातळीवरचा पत्ता बदलला की त्याच्याकडे कुणी विचारायलाच येत नाही.

१. खाते संस्थेच्या ईमेलवर आणा. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन गेले तर पासवर्ड बदलण्याचा मेलही जातो.

२. दोन-पायरी पडताळणी सुरू करा. शक्य असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा.

३. ट्रान्सफर लॉक (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर बंदी) लावा. डोमेन फार महत्त्वाचे असेल तर रजिस्ट्री लॉक (रजिस्ट्रारच्याही वरच्या पातळीवरचे कुलूप) मिळतो का ते विचारा.

कॉलेजांची एसी-डॉट-इन आणि एज्यु-डॉट-इन नावे अर्नेट इंडियाकडे असतात, तर बँकांची बँक-डॉट-इन नावे आयडीआरबीटीकडे. तिथे संपर्क म्हणून कुणाचे नाव नोंदलेले आहे ते आजच पाहा. संकट आल्यावर तो माणूस शोधण्यात दिवस जातो.

तपासा: व्हूइजमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत) ट्रान्सफर प्रोहिबिटेड असा स्टेटस दिसतो का? तिथले नेमसर्व्हर तुमच्या तक्त्याशी जुळतात का? जुन्या, बंद झालेल्या होस्टिंगचा एखादा नेमसर्व्हर यादीत उरला असेल तर तो आधी काढा. ते नाव उद्या दुसऱ्या कुणी विकत घेतले, तर तुमच्या डोमेनवरच्या काही प्रश्नांची उत्तरे तो देऊ लागेल.

## टप्पा २: सॉफ्टवेअर अद्ययावत करा

कॉन्फिगला हात लावण्याआधी हे करा. काही त्रुटी अशा असतात की कॉन्फिग कसेही लिहा, एक पॅकेट पुरते. २०१५ मध्ये बाइंडच्या टीकी (सर्व्हरशी की ठरवण्याची सोय) हाताळणीतली त्रुटी अशीच होती, एका पॅकेटने सर्व्हर बंद पडत असे. जुलै २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज डीएनएस सर्व्हरमधली सिगरेड नावाची त्रुटी दुरुस्त केली. ती १७ वर्षे तिथे होती आणि तिला धोक्याचे पूर्ण १० गुण मिळाले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कीट्रॅप उघड झाली. तिच्यात विशिष्ट रीतीने रचलेले डीएनएससेक उत्तर तपासताना रिझॉल्व्हरचा प्रोसेसर गुंतून पडत असे. बाइंडमध्ये ती ९.१६.४८ आणि ९.१८.२४ मध्ये दुरुस्त झाली. ९.१६ ही शाखा आता बंद आहे. स्वतः कंपाइल केलेली ९.१६ चालवत असाल तर याच टप्प्यावर नव्या शाखेवर जा.

नेहमीची चूक: फक्त आवृत्तीचा आकडा पाहणे. डेबियन आणि रेड हॅट जुन्याच आकड्यावर सुरक्षेची दुरुस्ती चढवतात. त्यामुळे आकडा जुना दिसला तरी दुरुस्ती आलेली असू शकते. पॅकेजचा चेंजलॉग वाचा. मग आरएनडीसी (बाइंडला आज्ञा देणारी कमांड) स्टेटस चालवून चालू प्रोसेस केव्हा सुरू झाली ते पाहा. पॅकेज नवे आणि प्रोसेस जुनीच असेही घडते.

आवृत्ती लपवणाऱ्या ऑप्शनवर वेळ घालवू नका. लावायला हरकत नाही, पण हल्ला करणारा आवृत्ती विचारत बसत नाही, सरळ पॅकेट पाठवतो.

## टप्पा ३: रिकर्शन वेगळे करा

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

नेमसर्व्हरची दोन कामे असतात. तुमच्या डोमेनबद्दल जगाला उत्तर देणे हे ऑथोरिटेटिव्ह काम. तुमच्या यंत्रांसाठी जगभर फिरून उत्तर शोधून आणणे हे रिकर्सिव्ह काम. एकाच बाइंडवर दोन्ही चालू ठेवली आणि दार सगळ्यांना उघडे राहिले, की तो ओपन रिझॉल्व्हर होतो. मग हल्लेखोर दुसऱ्याच कुणाचा आयपी पाठवणाऱ्याच्या जागी घालून छोटासा प्रश्न पाठवतो आणि तुमचा सर्व्हर त्या बिचाऱ्यावर कितीतरी पट मोठे उत्तर फेकतो. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउसवर याच पद्धतीने सुमारे ३०० गिगाबिट प्रति सेकंद एवढा मारा झाला. त्यात वापरले गेलेले रिझॉल्व्हर असेच दुर्लक्षित राहिलेले होते.

हे दार बहुतेकांच्या हातून नकळत उघडते. रेड हॅट घराण्यातल्या मूळ कॉन्फिगमध्ये रिकर्शन चालू असते, पण सर्व्हर फक्त स्वतःच्याच यंत्राला उत्तर देतो. डोमेन जगाला दिसावे म्हणून आपण लिसन-ऑन आणि अलाऊ-क्वेरी या दोन्हींत एनी (कुणीही) लिहितो. अलाऊ-रिकर्शन वेगळे लिहिलेले नसते. अशा वेळी बाइंड आधी अलाऊ-क्वेरी-कॅश पाहतो आणि तेही नसेल तर अलाऊ-क्वेरीचीच यादी रिकर्शनला लावतो. म्हणजे एका एनीने दोन दारे उघडतात.

दुरुस्तीचा क्रम असा:

१. वेगळ्या यंत्रावर किंवा निदान वेगळ्या आयपीवर अनबाउंडसारखा स्वतंत्र रिझॉल्व्हर उभा करा. त्याची ॲक्सेस-कंट्रोल यादी फक्त आतल्या नेटवर्कपुरती ठेवा.

२. आतली खासगी झोन असेल तर अनबाउंडमध्ये ती स्टब-झोन (कोणत्या सर्व्हरला विचारायचे ते ठरवून दिलेली झोन) म्हणून दाखवा. प्रायव्हेट-ॲड्रेसचे संरक्षण लावले असेल तर त्या झोनचे नाव प्रायव्हेट-डोमेनमध्येही घाला. नाही घातले तर खासगी आयपीची उत्तरे अनबाउंड गाळून टाकतो आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

३. डीएचसीपीमध्ये (यंत्रांना आपोआप आयपी देणाऱ्या सेवेत) नवा पत्ता द्या. लीजची (दिलेल्या आयपीची) पूर्ण मुदत उलटू द्या.

४. हाताने पत्ता भरलेली यंत्रे एकेक करून बदला. तयारीतला तक्ता इथे कामाला येतो.

५. जुन्या सर्व्हरवर क्वेरी लॉग एक दिवस चालू ठेवा. आतल्या आयपीवरून परक्या नावांची चौकशी अजून येते आहे का ते पाहा.

६. त्याच यंत्रावरची रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ फाइल उघडा. सर्व्हर स्वतःलाच विचारत असेल तर तिथेही नवा रिझॉल्व्हर द्या. हे राहिले आणि मेल सर्व्हर त्याच यंत्रावर असला, तर रिकर्शन बंद करताच बाहेर जाणारा मेल थांबतो.

७. हे सगळे झाल्यावरच रिकर्शन नो लिहा. नेम्ड-चेककॉन्फ चालवा आणि मग रीलोड करा.

तपासा: बाहेरच्या नेटवर्कवरून तुमच्या सर्व्हरला तुमच्याशी संबंध नसलेले एखादे नाव विचारा. स्टेटस रिफ्यूज्ड यायला हवा आणि फ्लॅगमध्ये आरए (रिकर्शन उपलब्ध) दिसता कामा नये. मग तुमचे स्वतःचे नाव विचारा. उत्तर आणि एए (ऑथोरिटेटिव्ह उत्तर) फ्लॅग दोन्ही मिळायला हवेत.

सातवी पायरी सगळ्यात आधी केली की अख्ख्या कार्यालयाचे इंटरनेट गेल्यासारखे होते. घाबरून लोक सगळे पूर्ववत करतात आणि दार वर्षानुवर्षे तसेच उघडे राहते.

## टप्पा ४: झोन ट्रान्सफर

सेकंडरीने प्रायमरीकडून झोनची प्रत घेणे म्हणजे झोन ट्रान्सफर. पूर्ण झोन कुणालाही मिळत असेल, तर व्हीपीएनपासून विसरलेल्या चाचणी सर्व्हरपर्यंत सगळ्यांची नावे आणि पत्ते एका कमांडमध्ये बाहेर जातात. बाइंडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये काही लिहिले नाही तर ट्रान्सफर सगळ्यांना खुला असे. म्हणून मनाई स्पष्ट शब्दांत लिहा.

फक्त सेकंडरीच्या आयपीवर विसंबू नका, टीसिग की (दोन सर्व्हरांनी एकमेकांना ओळखण्याची सामायिक गुप्त की) वापरा. टीसिग-कीजेनने की तयार करा आणि दोन्ही सर्व्हरवर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ती फाइल बाइंडच्या गटाखेरीज कुणाला वाचता येता कामा नये. आधी सेकंडरीला ती की वापरायला सांगा आणि एक ट्रान्सफर यशस्वी झालेला लॉगमध्ये पाहा. त्यानंतरच प्रायमरीच्या अलाऊ-ट्रान्सफरमध्ये फक्त ती की ठेवा.

सावधान: दोन्ही सर्व्हरच्या घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक असेल तर टीसिग नाकारला जातो. आधी वेळ जुळवा.

सावधान: ट्रान्सफर तुटला तरी सेकंडरी लगेच बोंब मारत नाही. एसओए या झोनच्या मुख्य रेकॉर्डमधली एक्स्पायरची मुदत संपेपर्यंत तो जुनी माहिती देत राहतो. ही मुदत बहुधा दोन-चार आठवड्यांची ठेवलेली असते. म्हणजे आजची चूक पुढच्या महिन्यात बाहेर येते आणि तोवर आपण काय बदलले होते ते आठवतही नाही.

तपासा: प्रायमरीवर सीरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) एकाने वाढवा आणि दोन्हीकडे एसओए विचारा. आकडे जुळले पाहिजेत. मग बाहेरून ट्रान्सफर मागून पाहा, आणि सेकंडरीकडेही मागा. प्रायमरी बंद आणि सेकंडरी उघडा अशी स्थिती मला सर्वात जास्त दिसते. सेकंडरीवर अलाऊ-ट्रान्सफर नन हे वेगळे लिहावेच लागते.

## टप्पा ५: अपडेट आणि नियंत्रण

डायनॅमिक अपडेट (नेटवर्कवरून झोनमध्ये बदल करण्याची सोय) लागत नसेल तर बंदच ठेवा. लागत असेल तर आयपीवर न देता कीवर द्या आणि अपडेट-पॉलिसीने त्या कीला फक्त गरजेपुरती नावे द्या. यूडीपीवर (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीत) पाठवणाऱ्याचा आयपी खोटा घालता येतो, त्यामुळे आयपीवरचा विश्वास इथे पोकळ ठरतो. विंडोजवर ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या झोनमध्ये फक्त सुरक्षित अपडेटचा पर्याय निवडा. आरएनडीसीचा ९५३ पोर्ट फक्त स्थानिक यंत्रापुरता ठेवा.

## टप्पा ६: फायरवॉल आणि मारा रोखणे

बाहेरून यूडीपी ५३ आणि टीसीपी ५३, दोन्ही उघडे हवेत. टीसीपी फक्त झोन ट्रान्सफरसाठी असतो हा गैरसमज इतका पसरलेला आहे की पुष्कळ फायरवॉल नियमांत तो बंद असतो. मोठे उत्तर यूडीपीत मावले नाही की ते कापून पाठवले जाते आणि विचारणारा टीसीपीवर पुन्हा येतो. तिथे दार बंद असेल तर त्याला उत्तरच मिळत नाही. डीएनएससेकनंतर उत्तरे आणखी मोठी होतात, म्हणून हे त्याआधीच व्हायला हवे. ईडीएनएसची (मोठ्या उत्तरांसाठीच्या वाढीव सोयीची) यूडीपी मर्यादा १२३२ बाइट ठेवा. तुकडे झालेली पॅकेट वाटेत हरवतात आणि त्यात खोटा तुकडा घुसवताही येतो.

मग रेट-लिमिट (एकाच ठिकाणी किती उत्तरे पाठवायची याची मर्यादा) लावा, पण फक्त ऑथोरिटेटिव्ह सर्व्हरवर. पहिले काही दिवस लॉग-ओन्ली चालू ठेवून कोण अडवले गेले असते ते वाचा. मोठ्या इंटरनेट कंपन्यांचे रिझॉल्व्हर थोड्याच आयपीवरून खूप प्रश्न पाठवतात. मर्यादा आंधळेपणाने कडक केली तर खरे ग्राहक अडतात.

## टप्पा ७: रिझॉल्व्हरची बाजू

२००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कमिन्स्कीने दाखवले की प्रश्नाच्या १६ बिटी क्रमांकाचे ६५,५३६ पर्याय खोटे उत्तर रोखायला पुरत नाहीत. तेव्हापासून प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या, यादृच्छिक पोर्टवरून पाठवला जातो. हे संरक्षण दोन ठिकाणी गुपचूप निघून जाते. जुन्या कॉन्फिगमध्ये क्वेरी-सोर्स पोर्ट ५३ अशी ओळ असते, ती काढा. दुसरे ठिकाण म्हणजे राउटर. काही राउटर नॅट (आतले आयपी बाहेरच्या आयपीत बदलणे) करताना पोर्ट पुन्हा क्रमाने लावतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूला पॅकेट टिपून पोर्टचे आकडे पाहा. ते ओळीने वाढत असतील तर रिझॉल्व्हरला नॅटमधून बाहेर काढा.

डीएनएससेकची पडताळणी रिझॉल्व्हरवर चालू करा. तुमचे स्वतःचे झोन साइन झालेले नसले तरी ही पडताळणी आजपासून फायदा देते, आणि ती चालू करणे साइन करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

## टप्पा ८: मेलेली रेकॉर्ड

झोनमधली प्रत्येक सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाशी जोडणारी) ओळ कुठे बोट दाखवते ते पाहा. प्रवेशप्रक्रियेसाठी घेतलेली क्लाउड सेवा बंद केली, पण सीनेम तसाच राहिला, तर त्या सेवेवर तेच नाव दुसरा कुणी घेऊ शकतो. मग तुमच्या उपडोमेनवर त्याचे पान उघडते. सेवा बंद करताना आधी रेकॉर्ड काढा, मग सेवा.

## टप्पा ९: डीएनएससेक, आधीचे सगळे झाल्यावर

आतापर्यंतचे सगळे तपास उत्तीर्ण झाले असतील तरच इथे या.

३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅक या कार्यालयीन चॅट ॲपची सेवा अनेकांना मिळेनाशी झाली. त्यांनी डीएनएससेक सुरू केले, अडचण दिसली आणि डीएस (वरच्या झोनमधली, म्हणजे डॉट-कॉम किंवा डॉट-इनकडची, आपल्या कीची नोंद) काढून साइनिंगही लगेच मागे घेतले. पण जगभरच्या रिझॉल्व्हरांच्या कॅशेत जुना डीएस २४ तासांपर्यंत राहणार होता. डीएस सांगतो झोन साइन केलेला आहे, आणि झोनमध्ये सह्या नाहीत. अशा वेळी पडताळणी करणारा रिझॉल्व्हर उत्तर द्यायला नकार देतो.

१. कीसाठी अशी डिरेक्टरी निवडा जिथे बाइंडला लिहिता येते. उबुंटूवर ॲपआर्मर (प्रोग्रॅमला मर्यादा घालणारी सुरक्षा) बाइंडला ईटीसीखालच्या डिरेक्टरीत लिहू देत नाही, म्हणून व्हार-लिब-बाइंड वापरा.

२. झोनमध्ये डीएनएससेक-पॉलिसी डिफॉल्ट लिहा. अल्गोरिदम १३ मिळतो, की लहान असते आणि उत्तरे आटोपशीर राहतात. एनएसईसी३ (एखादे नाव नाही हे हॅश वापरून सिद्ध करण्याची पद्धत) वापरायचेच असेल तर इटरेशन (हॅशची पुनरावृत्ती) शून्य ठेवा.

३. तयार झालेल्या कीची प्रत लगेच सुरक्षित जागी ठेवा. की गेली आणि डीएस वर राहिला, तर डोमेन बंद.

४. सगळ्या नेमसर्व्हरवर आरआरसिग (सहीचे रेकॉर्ड) दिसते का पाहा. झोनमधला सर्वात मोठा टीटीएल उलटेपर्यंत थांबा. घाई इथेच होते.

५. आता डीएस रजिस्ट्रारकडे द्या. की टॅग, अल्गोरिदम १३, डायजेस्ट प्रकार २. आकडे कॉपी-पेस्ट करा, हाताने टाइप करू नका.

६. डीएस वरच्या झोनमध्ये दिसू लागला की आरएनडीसी डीएनएससेकच्या चेकडीएस पर्यायाने बाइंडला तसे कळवा. नाहीतर पुढे की बदलायची वेळ आली की बाइंड वाट पाहत अडकून राहतो.

तपासा: पडताळणी करणाऱ्या बाहेरच्या रिझॉल्व्हरकडून उत्तरात एडी (पडताळणी झाली) फ्लॅग यायला हवा. सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर देता आले नाही) आले तर सीडी (पडताळणी करू नका) फ्लॅग लावून पुन्हा विचारा. तसे विचारल्यावर उत्तर मिळाले तर दोष बहुधा सह्यांमध्ये किंवा डीएसमध्ये आहे. तरीही नाही मिळाले तर दोष दुसरीकडे शोधा.

सावधान: मागे फिरायचे असेल तर आधी डीएस काढायला सांगा, तो वरच्या झोनमधून गेल्याची खात्री करा, डीएसचा टीटीएल पूर्ण उलटू द्या आणि मगच साइनिंग बंद करा. होस्टिंग किंवा नेमसर्व्हर बदलतानाही हाच क्रम. वेबसाइट नव्या कंपनीकडे नेताना जुना डीएस वर राहिला म्हणून बंद पडलेली डोमेन पुष्कळ आहेत.

बाइंडच्या डिफॉल्ट पॉलिसीत सह्या १४ दिवस टिकतात आणि ५ दिवस उरले की नव्या होतात. उरलेला अवधी ३ दिवसांखाली गेला की मेल येईल अशी छोटी स्क्रिप्ट बाहेरच्या यंत्रावर लावा.

## टप्पा १०: लॉग

लॉगला आकाराची मर्यादा आणि फिरती फाइल द्या. क्वेरी लॉग डिस्क भरून सर्व्हरच बंद पाडू शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. सर्ट-इनच्या संपर्काचा पत्ता आणि कळवण्याचा नमुना छापून सर्व्हर रूममध्ये लावा, कारण डीएनएस पडलेला असताना तो शोधायला इंटरनेट मिळेलच असे नाही.

रोज दोन गोष्टी पाहा. तुमच्या डोमेनखालच्या अर्थहीन, यादृच्छिक उपनावांची अचानक वाढलेली चौकशी म्हणजे कुणीतरी सर्व्हर दमवू पाहतो आहे. आतल्या एकाच यंत्रावरून एकाच अनोळखी डोमेनकडे लांबलचक नावांचे हजारो प्रश्न जात असतील, तर ते यंत्र त्याच दिवशी नेटवर्कमधून काढा आणि त्यातून माहिती बाहेर जाते आहे असे धरून तपास करा.